उजव्या खांद्यातली गादी

३ मार्च, मंगळवार

ही आज आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली. मी ओळखलं – वाकता येत नाहीये. शिवणाचं मशीन थांबवलं, खाली बसलो, नाड्या सोडल्या. "अहो, राहू द्या, काढते मी," म्हणते. काढते कसली! पाय तर आधीच पुढे केला होता.

परिचारिका संघटनेची चिटणीस झाल्यापासून ड्यूटी संपली की सभा, सभा संपली की निवेदनं. मागणी काय, तर वॉर्डात रुग्णाला उचलायला कमीत कमी दोघीजणी असाव्यात, मोठ्या वॉर्डात उचलायचं यंत्र असावं, आणि हे नियमात लिहिलेलं असावं. आज आरोग्य खात्याचे साहेब भेटले. म्हणाले, "सिस्टर, पाठीची एकही तक्रार आमच्याकडे नाही. मग नियम कशासाठी?"

तक्रार कशी असेल? पाठ दुखते म्हटलं की बाईला वॉर्डातून काढून स्टोअरमध्ये बसवतात. सलाइनच्या बाटल्या मोजत बसा. म्हणून दुखतं सगळ्यांचं, बोलत कुणी नाही. ही तरी कुठे बोलते?

रात्रीच्या आधीच शेकायची पिशवी मागितली. म्हणजे फार दुखत असणार.

६ मार्च, शुक्रवार

संघटनेच्या अध्यक्षबाईंचा फोन. आवाज असा, की खालच्या दुकानात मला शब्द न् शब्द ऐकू आला. निवडून आलेल्या लोकांची एक समिती आहे, आरोग्याचे नियम तिच्यापुढूनच जातात. ती चोवीस तारखेला संघटनेचं म्हणणं ऐकणार आहे! दोन वर्षं उंबरठे झिजवल्यावर दहा मिनिटं मिळाली.

"पण आकडे त्यांनी पुष्कळ ऐकलेत," बाई म्हणाल्या. "कुणीतरी उभं राहून स्वतःचं सांगायला हवं."

हिने सगळ्यांना विचारलं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. जेवताना मला म्हणाली, "अहो, मग फक्त माझंच दुखतं का? मीच नाजूक?"

मी डाळ वाढली. दुसरं काय करणार?

७ मार्च, शनिवार

इथे लिहितो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. हॉस्पिटलच्या जवळजवळ सगळ्या नर्सेसचे युनिफॉर्म मीच शिवतो. उजवा खांदा उतरलेला नाही अशी जुनी नर्स मला दाखवा. रुग्णाला धरून ओढायचं, फिरवायचं, तेही एकटीने – शरीर त्या बाजूला कलतंच. मग कपडा अंगात घातला की उजवी कड खाली लोंबते. मी काय करतो, त्या खांद्यात कापसाची पातळ गादी घालतो. बाहेरून सगळं समान.

पण कबूल कोण करील? सर्जरी वॉर्डातली ती ठेंगणी, तिखट – तिला मी मनातल्या मनात लवंगी म्हणतो – तिने सरळ ठणकावलं, "काका, माप चुकलंय तुमचं, उजवीकडे जरा भरा." दुसरी म्हणाली, चष्म्याचा नंबर तपासा. एकीने तर मला नवा टेप आणून दिला. या भागातला सगळ्यात खोटा टेप माझा!

हिला सांगावं का, की तू एकटी नाहीस? वडील म्हणायचे, शिंप्याने माप घ्यावं, बोलू नये. आजवर बोललो नाही. आता मात्र जीभ वळवळते आहे.

१० मार्च, मंगळवार

नाही सांगितलं.

१४ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. "बाबा, आई स्वतः उभी राहणार म्हणते. तिला आवरा. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत, कशाला स्टोअरमध्ये सडायचं?"

खरं तर माझ्याही मनात तेच. मी हिला म्हटलं, "जगाचा भार तूच का उचलायचास?" शब्द तोंडातून गेला आणि वाटलं, याहून वाईट शब्द सापडला नसता.  ही कपड्यांच्या घड्या घालता घालता वॉर्डातल्या आजोबांबद्दल सांगू लागली. अर्धांगवायूचा झटका आलाय. कूस बदलायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. हिला म्हणतात, "पोरी, तू धरलंस की पडायची भीती वाटत नाही."

"वॉर्ड सुटला तर मी काय करू हो?" एवढंच म्हणाली.

म्हणजे भीती तिलाही आहे. मला उगाच वाटत होतं, ही वाघीण आहे.

१७ मार्च, मंगळवार

"मला एक नवा युनिफॉर्म शिवाल? चोवीस तारखेला घालायला. सरळ."

"सरळच शिवतो मी."

"तसं नव्हे. दोन्ही खांदे सारखे कापा. गादी नको."

 आजवर मी हिला न सांगता गादी घालत आलो, दर वेळी दोऱ्याएवढी अधिक जाड. वाटायचं, कळत नाही हिला.

"तुला ठाऊक होतं?"

"बाजारातला एकही कपडा मला नीट बसत नाही आणि तुमचा प्रत्येक बसतो. नर्स आहे मी, खुळी नाही." मग हळूच, "बरं वाटायचं म्हणून बोलले नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी असं काही म्हटलेलं आठवत नाही.

१९ मार्च, गुरुवार

हात ऐकत नव्हता. कात्री आपोआप उजवीकडे वळायची, हिच्या मापाची सवय लागलेली. दोनदा कापड बाजूला ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा न बसणारा कपडा मुद्दाम शिवला.

संध्याकाळी हिने घालून बघितला. उजवा खांदा खाली गेला, कड लोंबली, छातीवर तिरपी सुरकुती पडली. ही आरशात बघत राहिली. मी टाचण्या तोंडात धरून उभा होतो, आणि मला रडू आलं. टाचण्या तोंडात असताना रडणं फार धोक्याचं.

"तुम्ही का रडताय? पाठ माझी आहे," म्हणाली आणि हसली. माझ्या तोंडातून एकेक टाचणी काढून घेतली.

२४ मार्च, मंगळवार

गेलो होतो. मागच्या रांगेत बसू दिलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर माइक. खात्याचे साहेबही होते. अध्यक्षबाईंनी मागणी वाचली. मग ही उठली आणि अंगावरचा कोट काढला.

"माझे यजमान शिंपी आहेत," म्हणाली. "त्यांचं कापणं कधी चुकत नाही. कापड सरळ आहे, मी वाकडी आहे." मग एकटीने माणसाला कसं उचलावं लागतं, पडेल म्हणून कसं अंगावर घ्यावं लागतं, ते सांगितलं. आवाज पहिल्या वाक्याला कापला, नंतर नाही.

समितीचे प्रमुख शांतपणे ऐकत होते. साहेब म्हणाले, "सिस्टरांबद्दल आदर आहे. पण हा एक अपवाद झाला. एका पाठीवर राज्याचा नियम करायचा का?"

माझ्या पुढच्याच रांगेत लवंगी बसली होती. आणखी सात-आठ जणी. सगळ्यांच्या खांद्यात माझी गादी! मी ओठ चावून बसलो. लवंगीची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

पुढची सुनावणी सात एप्रिलला. तोवर आणखी काही असेल तर आणा म्हणाले.

२७ मार्च, शुक्रवार

हिच्या बदलीची ऑर्डर आली. प्रकृतीच्या कारणास्तव वॉर्डातून मुक्त. सोमवारपासून स्टोअर. तिची काळजी म्हणून, असं वर लिहिलंय.

आजोबांना सांगून आली. ते म्हणाले, "मग मला धरणार कोण?" हे सांगताना हिला रडू फुटलं. मी जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवायची चोरी, दुखतं. मग केसांवरून फिरवला.

मला माझा राग आला. गप्प राहणं हा शिंप्याचा धर्म असेल, पण नवऱ्याचा कोणता? "अगं, तू एकटी नाहीस," म्हटलं शेवटी. "एवढंच सांगतो. नावं विचारू नकोस."

 तिने नावं विचारली नाहीत. म्हणाली, "त्यांनी स्वतः सांगायला हवं. तुम्ही सांगून उपयोग नाही."

३० मार्च, सोमवार

स्टोअरचा पहिला दिवस.  बूट मीच काढले.

२ एप्रिल, गुरुवार

अध्यक्षबाई येऊन गेल्या. नवं काही नाही. चहा अर्धाच प्यायल्या. जाताना हिला म्हणाल्या, "तुला पुढे करून आम्ही मागे राहिलो गं."

ही म्हणाली, "साखर कमी झाली का चहात?"

६ एप्रिल, सोमवार

दुकान उघडायला खाली उतरलो तर पायरीवर लवंगी. हातात पिशवी, पिशवीत युनिफॉर्म. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, टेप तुमचा बरोबर होता. गादी काढून द्या. उद्या सुनावणीला घालायचाय."

तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे ती टेपवाली. रांग कोपऱ्यावरून वळली होती. सगळ्यांच्या काखेत पिशव्या.

मी जिन्यातून वर हाक मारली, "अगं, खाली ये, उसवायला हात लाव. हे एकट्याचं काम नाही."