पाय धरायच्या आत ठोसा

१४ मे २००७, सोमवार
पक्कं झालं. व्यायामशाळेचे ट्रस्टी भिमाजीअण्णांनी आज स्वतः सांगितलं. टीव्हीवर दाखवतात ती मिक्स फाइट, म्हणजे ठोसा, लाथ, कुस्ती सगळं चालतं ती, तिचा क्लास जूनपासून आपल्या हॉलमध्ये. शिकवणार कोण, ते २७ तारखेच्या लढतीत ठरणार. एकीकडे मी, जिल्ह्याचा माजी बॉक्सिंग चॅम्पियन. दुसरीकडे देवळ्याचा समाधान पैलवान. माझा सख्खा मेहुणा, बायकोचा, सुवर्णाचा भाऊ. बिचारा.
उद्यापासून पहाटे पळणे.

१५ मे
पळणे उद्यापासून. आज प्लॅनिंग. पैलवानाला पाय धरायला वाकावंच लागतं. वाकला की जबडा समोर. खालून वर एक ठोसा, अपरकट. विषय संपला.

१८ मे
सुवर्णा म्हणते, आठ दिवस समाधानकडे जा, पाय कसे सोडवायचे ते शिकून या. त्याचाही फोन आला होता म्हणे. दाजींनी मला गुद्दे शिकवावेत, मी त्यांना पकड शिकवतो.
कालपासून धोंड्याचा महिना लागलाय. या महिन्यात सासरचे जावयाला विष्णू मानतात. विष्णूने मेहुण्याकडे शिकवणी लावायची? नाही म्हणून कळवलं.

२२ मे
पांडवलेण्याच्या पायऱ्या चढलो. अर्ध्या. ऊन फार. खाली येऊन उसाचा रस.
संध्याकाळी पोरांना क्लिंच शिकवलं. अडचणीत आलात की समोरच्याला मिठी मारा, रेफरी 'ब्रेक' म्हणून सोडवतो. एकाने विचारलं, सर, मिक्समध्ये पण सोडवतात का? म्हटलं, नियम तो नियम.

२६ मे
वजन वाढलंय. ताकद असावी. सुवर्णाला बजावलं, भाऊ पडला तर रडायचं नाही.

२७ मे, दुपार
मॅट नवीन होती. घसरत होती.

२७ मे, संध्याकाळ
खरं लिहितो. पहिला जॅब लागला. समाधानचं नाक लाल झालं, टाळ्या पडल्या. दुसरा मारायच्या आत तो माझ्या गुडघ्यांशी. अपरकट हवेत. मी सवयीने त्याला मिठी मारली आणि रेफरीकडे बघत थांबलो. 'ब्रेक' म्हणालोसुद्धा, मोठ्यांदा. रेफरी नुसता बघत राहिला. माझी पोरंही.
मग मी खाली, तो वर, माझा हात त्याच्या काखेत. कानाशी हळूच म्हणाला, "दाजी, इथं कोणी सोडवत नाय. तुम्ही हात टेका, मी सोडतो."
टेकला.

२८ मे
हॉलवर गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही. सुवर्णाने कंबर शेकून दिली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

३१ मे
भिमाजीअण्णा घरी आले. क्लास समाधानचा. पण त्याने अट घातलीय, गुद्दे दाजीच शिकवणार, नाहीतर क्लास नको. बॉक्सर या खेळात चांगला चालतो, म्हणाला, फक्त पडल्यावर काय करायचं ते त्याने आधी शिकलं पाहिजे. अण्णांनी विचारलं, शिकाल का? पाणी आणतो म्हणून आत गेलो. बराच वेळ आतच होतो.

१ जून
परवा रविवारी देवळ्याला धोंड्याचं जेवण. सासूबाईंचा फोन आला, जावईबापूंसाठी पाटाऐवजी खुर्ची ठेवलीय. म्हणजे बातमी पोचली.
त्यांच्याकडे जावयाचे पाय मेहुणा धुतो. समाधान पुन्हा माझे पाय धरणार, सगळ्या भावकीसमोर. सुवर्णा म्हणते, तेव्हाच विचारून टाका, शिकवशील का म्हणून.
या वेळी पाय ओढून घेऊ नका, म्हणाली.