पोरांची सावड

काटेवाडी,
बुधवार, २८ मे

ती. कौसल्यावन्सं यांना,

विमलचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? लासुर्ण्याला म्हणे ऊन आमच्याहून कडक आहे (तिकडे सगळंच आमच्याहून जास्त असतं, असं तुमचे बंधू म्हणतात; मी नाही). हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी जरा रंगात आले की तुम्ही "बरं, ठिवते" म्हणता. म्हणून कागद घेतला. कागद काही मला मधेच तोडत नाही.

पत्र आभाराचं आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला ठाऊक आहेच, सूनबाई मिहिरला आणि छकुलीला यंदा पुण्यातच एका उन्हाळी शिबिरात घालणार होती. तिथली फी ऐकून मीच पुढे होऊन म्हणाले, "राजनंदिनी, एवढ्या पैशात मी दोघांना शाळा उघडेपर्यंत जेवू घालीन, रमवीन आणि वर चार गोष्टी शिकवीन." तिनं मुलं आणून सोडली, आणि जाताना हळूच म्हणाली, "आई, झेपलं नाही तर फक्त सांगा, मी लगेच येऊन नेते." फार प्रेमानं म्हणाली हो, पण मला नेमकं तेच नको होतं. वर्षातून एकदा ही पाखरं हाताशी येतात. मी आठवड्यातच हात टेकले, तर पुढच्या उन्हाळ्यापासून ती शिबिराचीच झाली म्हणायची.

पहिल्या दिवशी मी वेळापत्रक केलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेस (पांढरी शुभ्र, इस्त्रीची, आणि रागावली तरी आवाज न चढवणारी बाई, अजून स्वप्नात येते आणि माझी नखं बघते) घंटा वाजवायच्या आणि साठ मुली एका क्षणात गप्प व्हायच्या. मी विचार केला, इथे तर दोनच आहेत. सात ते आठ निसर्गनिरीक्षण, आठ ते नऊ सुवाच्य अक्षर, असं चार्टपेपरवर रंगीत खडूंनी लिहिलं. निसर्गनिरीक्षण साडेसात वाजता संपलं, कारण मिहिरला लाल मुंगी चावली. दहा वाजेपर्यंत छकुलीनं चार्टपेपरचं विमान केलं होतं. मग माझ्याकडे उरली फक्त घंटा. घरात शाळेची घंटा कुठली? देव्हाऱ्यातली घेतली आणि चार वाजता, खाण्याची वेळ झाली म्हणून, अंगणात उभं राहून चांगली खणखणीत वाजवली. खाऊ होता गूळ-शेंगदाणे.

वन्सं, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मला मात्र ओळखता आलं नाही. दोन मिनिटांत गल्लीतली नऊ पोरं चपला बाहेर काढून, उजवा हात पुढे करून ओळीनं उभी. घंटा वाजली, गूळ-शेंगदाणे दिसले. आता तो प्रसाद नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वाटला. दुसऱ्या दिवशी घंटा वाजवलीच नाही, तरी चारच्या ठोक्याला सगळी हजर, वर शेजारच्या मुक्ताबाईची सासूही, डोक्यावर पदर घेऊन. "आज कुठला देव हाय, बाई?" असं तिनं इतक्या भक्तिभावानं विचारलं की मी सरळ ज्वारीच्या लाह्या काढल्या. आठवड्यात लाह्यांचा डबा, महिन्याचे शेंगदाणे आणि तुमच्या बंधूंचे लपवलेले बेसनाचे लाडू (ते त्यांनी माझ्यापासून लपवले होते) असं सगळं संपलं.

तेव्हा मी तुम्हाला रडत फोन केला, आणि तुम्ही फोन ठेवण्याआधी एवढंच बोललात. "अगं विमल, पोरं काय म्हशी हायत व्हय, एकाच दावणीला बांधून वैरण घालायला? सावड कर की! रानात बैलांची करत्यात, तू गल्लीत पोरांची कर." चाळीस वर्षं या घरात राहून मला ते सुचलं नाही. आज सगळे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, तसंच. गल्लीत सहा घरं, सोमवार ते शनिवार सहा वार. ज्या घरचा वार, त्या घरी सगळी पोरं, तिथंच काम, तिथंच जेवण.

काय सांगू तुम्हाला! दुधावर साय दिसली तरी ओकारी काढणारा मिहिर मुक्ताबाईच्या गोठ्यात म्हशी धुतो आणि तिथंच बसून ताकात भाकरी कुस्करून खातो. मोबाईल दाखवल्याशिवाय घास न घेणारी छकुली दुसऱ्यांच्या ताटातलं पिठलं ओढते. माझा वार शनिवार. त्या दिवशी मी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकते आणि अकरा पोरांना रुमालाला टीप घालायला शिकवते, सिस्टरनी शिकवली तशी. मुक्ताबाईचा ऋषिराज, जो एरवी ट्रॅक्टरशिवाय दुसरं बोलत नाही, तो तासभर मान खाली घालून शिवत होता. उठला तेव्हा कळलं, रुमाल चड्डीला शिवलाय. तसाच घरी गेला. टाके मात्र सुरेख होते.

तेव्हा वन्सं, मनापासून आभार. मुलं पोटभर जेवतात, रात्री पडल्या पडल्या झोपतात, आणि खर्च या दोघांना रोज घरी जेवू घालायला लागला असता तेवढाही नाही. फक्त माझा हिशेब एका जागी चुकला, तो तुमच्याजवळ कबूल करते. आठवड्यातले पाच दिवस मुलं माझ्या घरी नसतात! आणायची म्हणून हट्टानं आणली आणि वाटून टाकली. मी आणि तुमचे बंधू समोरासमोर बसून पंख्याचा आवाज ऐकतो. परवा सोमवारी मुक्ताबाईचा वार होता. न राहवून मी सकाळीच तिच्याकडे विरजण मागायला गेले. दुपारी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती गोठ्यातूनच ओरडली, "विमलकाकू, एका दिसात तीनदा विरजण? दही खाताय का दह्यात न्हाताय?" छकुलीनं मान वर करून "आजी, तू जा, आमचं काम चाललंय" म्हटलं आणि पुन्हा शेणात हात घातला.

असो. गुडघ्याला एरंडेल चोळत राहा.

तुमची,
विमल

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. राजनंदिनी रोज फोन करते, "मुलं कुठं आहेत?" आणि मी रोज दुसऱ्याच घराचं नाव सांगते. तिला वाटलं, आईंना झेपलं नाही, म्हणून मुलं लोकांकडे टाकली. येत्या रविवारी न्यायला येतेय, शाळेला चांगले पंधरा दिवस असताना. तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तिला फोन करून एवढं सांगा, की सावड मधेच सोडून पोरं न्यायची रीत आपल्याकडे नाही. ही रीत बैलांची आहे, पोरांची नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही मात्र ठामपणे सांगा, आणि ती बोलायला लागली की ठेवून द्या.

ता. क. – शुक्रवार. पाकीट बंद करणार, तेवढ्यात राजनंदिनीचा फोन आला. तुम्ही काही करू नका. मिहिरनंच आईला कळवलंय, "आम्हाला नेऊ नकोस, आजीला एकटं करमत नाही, तिला सांभाळायला कुणीतरी हवं." ती हसत होती, का रडत होती, मला नीट कळलं नाही, मी स्वतः त्यातलं एक करत होते. मुलं शाळा उघडेपर्यंत राहणार. आणि गल्लीतल्या पोरांनी बैठक घेऊन सोमवारपासून मलाही सावडीत धरलंय. मुक्ताबाईचा निरोप आहे, सातला यायचं, जुनं लुगडं नेसून, आणि आपलं ताट आपण घेऊन.