स्क्रूवरचं नेलपॉलिश

सोमवार, ३ मार्च
परत तेच! पॉवर सप्लायवर बारा व्होल्ट, आणि पलीकडे पंपाच्या मोटारीपाशी जेमतेम अकरा. जाड वायरी ठणठणीत. बारीक जोडीतली एक ढिली — मोटारीला खरंच किती पोचलं ते सप्लायला कळवणारी. ती सैल पडली की सप्लाय आपला खुशीत, मोटार उपाशी.

दादा गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "साधा स्क्रू आवळता येत नाही, आणि बाईसाहेब निघाल्या परगावी नोकरीला!" कानशिलं तापली. अरे, आवळला होता मी!

मंगळवार, ४ मार्च
दादाची अट — आठवडाभर एकही जोडणी चुकली नाही तर खुशाल जा. नाहीतर इथंच शीक. परगावचे नवीन लॅबवाले सोमवारपर्यंतच थांबणार. आईबाबांमागे त्यानंच वाढवलं, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. खाली दादाची लॅब, वर घर. जीव गुदमरतो.

वहिनी तेवढी माझ्या बाजूची. "जा बाई, तू तरी सूट," म्हणाली.

बुधवार, ५ मार्च
ढिली.

गुरुवार, ६ मार्च
डोकं फिरायची वेळ आलीय. मीच विसरते का? की दादा मुद्दाम...? छे! पण मग कोण? लॅबची किल्ली जिन्यातल्या खिळ्याला, आणि घरात माणसं तीन.

आज बारीक वायरींचे स्क्रू आवळून वर नेलपॉलिशचा थेंब टाकला. लालभडक. स्क्रू फिरला तर तडा जाणारच. कुणाला बोलले नाही. आता बघतेच, दादा!

शुक्रवार, ७ मार्च
तडा!

तरातरा वर गेले, आज भांडायचंच म्हणून. दादा अंघोळीला गेलेला. वहिनीनं चहा पुढे केला. तिच्या नखात लाल कपची.

मी काय बघतेय ते तिलाही कळलं. हात मागे घेतला तिनं. "तू गेलीस की ह्यांच्यासोबत मी एकटी गं," एवढंच म्हणाली. चिडायला गेले आणि रडूच फुटलं. मेली! आठवडाभर स्वतःलाच वेडी समजत होते मी.

शनिवार, ८ मार्च
दादाची अट गेली खड्ड्यात. नव्या लॅबला फोन केला — सोमवारी येते, खोली दोघींची बघा. सोबत कोण, म्हणाले. म्हटलं, वहिनी. स्क्रू ढिला करता येतो तिला, आवळायला मी शिकवीन.

आता तिलाच विचारायचं राहिलंय.