काळ्या नदीतलं दाताळं

योएन्सू, फिनलंड
ता. १० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. झेरॉक्सवाल्या विजयश्रीनं या वेळी फोटो सरळ काढून पाठवला, त्यामुळे मान वाकडी न करता वाचता आलं. कानाचं मशीन लावलंस तर फोनवर बोलता येईल, असं मी परत सुचवणार नाही. ते शिट्ट्या मारतं आणि गल्लीतली कुत्री जमतात, हे तुझं उत्तर मला पाठ झालंय.

इथं आता दुपारीच अंधारून येतं. वृद्धाश्रमात हेल्मी नावाच्या नव्वदीच्या आजी आहेत, त्यांना आंघोळीला नर्स म्हणून मीच लागते. त्यांनी मला पेचात टाकलंय. इथं घराघराला सौना असते. लाकडी खोली, आत तापलेले दगड. त्यांच्यावर पाणी ओतायचं आणि वाफेत बसायचं. आजी म्हणतात, तिथं एक बुटका दाढीवाला राखणदार राहतो, त्याला तोन्त्तू म्हणतात. आत शिरताना त्याला नमस्कार करायचा, तिथं भांडायचं नाही, आणि सगळ्यांचं उरकलं की शेवटची वाफ त्याच्यासाठी सोडून निघून यायचं. नाहीतर तो चिडून सौना जाळून टाकतो. यांच्याकडे सगळ्यालाच मालक आहे. रानाला तापिओ, पाण्याला आहती, आणि वर आभाळात गडगडणारा म्हातारा उक्को.

आजी मला रोज त्या राखणदाराला नमस्कार करायला लावतात. आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. देव नाही, भूत नाही, असं तूच मला शाळेत असताना तुझ्या घरी ठेवून शिकवलंस. आता मी काय करू ते सांग, आणि हसू नकोस.

आणखी एक, रागावणार नसलीस तर. तुझ्या लेकाशी, अण्णाशी, काल फोनवर बोलले. तो अजून बीदरजवळ कोळारच्या गोदामातच कामाला आहे. तुझे पाय दुखतात का म्हणून विचारत होता. त्याला घर सोडून दोन वर्षं होत आली, आत्या.

स्वेटर घालत जा. मशीन नसलं तरी तुझी माया मला इथवर ऐकू येते, ती अशीच असू दे.

तुझी,
प्रेरणा


चिंताकी, ता. औराद
ता. १९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
इंदिराबाईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

मला तीर्थरूप लिहू नको म्हणून किती वेळा सांगायचं? जन्मभर अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली. मी कुठलं तीर्थ? फार तर गावचा हापसा म्हण.

तुझ्या बुटक्याचं विजयश्रीला वाचून दाखवलं तर ती मशीन बंद करून हसत बसली. तो नवस मागतो का, कोंबडं मागतो का, कुणाच्या अंगात येतो का, ते म्हातारीला विचारून घे. मागत नसेल तर खुशाल त्याला जयभीम घाल. कुणाच्या घरी गेलं की घरातल्या माणसांना आपण घालतोच की. आपण कुणाला भिऊ नये म्हणून प्रतिज्ञा आहेत, कुणाशी उर्मट वागावं म्हणून नाहीत. शेवटची वाफ सोडायची रीत तर मला आवडली. आपल्या मागून येणाऱ्यासाठी काहीतरी ठेवावं.

रतनचं, तुझ्या त्या अण्णाचं, मात्र मला लिहू नको. स्नेहलचं दोनदा पोट पडलं, त्याचं दुःख मला झालं नाही असं कुणी म्हणू नये. शेजारणी भानामती भानामती करायला लागल्या, आणि हा शिकलेला पोरगा बायकोला घेऊन मांत्रिकाच्या दारात गेला. तिच्या दंडाला काळा दोरा बांधून आणला. माझ्या सासऱ्यांनी घरातले देव टोपल्यात घालून मांजरा नदीत सोडले, तेव्हा गावानं वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या घरात भानामतीचा दोरा? एक तर दोरा उंबऱ्याबाहेर राहील, न्हाईतर तू, असं मी त्याला सांगितलं. तो बाहेर राहिला. त्याचा हट्ट त्याला, माझा मला.

तुरी कमरेवर आल्यात, फुलोरा भरपूर आहे. पाय दुखतात, पण ते त्याला कळवायची गरज नाही.

जेवत जा. माया लागेल तेवढी मागून घेत जा, शिल्लक भरपूर आहे.

तुझी आत्या


योएन्सू
ता. ६ डिसेंबर २०२४

आदरणीय हापसा आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

आज इथं यांचा स्वातंत्र्यदिन. संध्याकाळी प्रत्येक खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. मीही बाबासाहेबांच्या फोटोपुढं खिडकीत दोन लावल्या. शेजारच्या काकूंना वाटलं, मी त्यांच्या देशासाठी लावल्या, आणि त्या मला केक देऊन गेल्या. मी केक खाल्ला.

राखणदाराला जयभीम घातला. हेल्मीआजींना तो शब्द इतका आवडला की आता त्याही घालतात.

अण्णाचं लिहू नको म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. आजींनी सांगितलेली एक गोष्ट तेवढी लिहिते. लेम्मिन्कायनेन नावाचा एक देखणा, तोंडाळ पोरगा होता. उत्तरेच्या काळोख्या मुलखात बायको मिळवायला जातो म्हणाला. आईनं हात जोडून सांगितलं, जाऊ नको. तो गेला. तिथं त्यानं एका आंधळ्या गुराख्याचा भर सभेत अपमान केला. पुढं मेलेल्यांच्या मुलखातून, तुओनेलातून, वाहणाऱ्या काळ्या नदीवर तो गेला, तेव्हा त्याच गुराख्यानं डाव साधला. पोराचे तुकडे होऊन नदीत गेले.

आई शोधायला निघाली. तिनं झाडाला विचारलं, वाटेला विचारलं, चंद्राला विचारलं. सगळे म्हणाले, आम्हाला आमचंच दुःख पुरे. शेवटी सूर्यानं सांगितलं. मग ती इल्मारिनेन नावाच्या लोहाराकडं गेली आणि त्याच्याकडून लांब दात्यांचं दाताळं घडवून घेतलं. कमरेइतक्या पाण्यात उतरून नदी ओढत राहिली. आधी सदरा आला, मग टोपी, मग एक हात, मग मान. वरून कावळा म्हणाला, सोड आता, यातून माणूस होत नाही. तिनं ऐकलं नाही. हाड हाडाला लावलं, शीर शिरेला लावली. एका मधमाशीला नऊ आभाळांपलीकडं मधासाठी पाठवलं. तो मध लावल्यावर पोरगा उठून बसला आणि म्हणाला, किती वेळ झोपलो होतो मी.

पण आजींची आजी याचा शेवट वेगळा गायची. तिच्या गाण्यात मधमाशी नाही. पोरगा पाण्यातूनच म्हणतो, आई, उशीर झाला, आता मी माशांचा झालो. दोन्हींतला खरा कुठला, असं मी विचारलं, तर आजींनी तापल्या दगडांवर आणखी पाणी ओतलं.

तुझे पाय कसे आहेत? लोभ करतेस तो कर, त्यावाचून इथल्या बर्फात निभाव नाही.

तुझी,
प्रेरणा


चिंताकी
ता. १५ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणा हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

लई शहाणी झालीस. अण्णाचं लिहीत नाही म्हणालीस आणि मग चार कागद त्याचंच लिहिलंस. माझे कान गेलेत, अक्कल नाही.

त्या पोराचं नाव मला घेता येत नाही, मी त्याला लिंबाजी म्हणते. त्यांचा लोहार मात्र कामाचा दिसतो. आपल्याकडं साधा विळा शेवटून, धार लावून आणायचा तर चार हेलपाटे पडतात. आणि तुझा तो उक्को एवढा गडगडतो, तो कुठं होता? कामाला आली ती आई आणि एक माशी. देवांचं असंच असतं, ते मी तुला लहानपणीच सांगितलंय.

पत्र परत परत वाचलं. त्या बाईनं सांगितलं होतं, जाऊ नको. तिचं बरोबर होतं आणि लिंबाजीचं चुकलं होतं, यात काही वाद नाही. तरी तीच पाण्यात उतरली. माझंच खरं झालं, असं काठावर बसून ती चार बायकांना सांगत बसली नाही. मी काय करायलेय दोन वर्षं? बरोबर आहे म्हणून बसून राहिलेय. सासऱ्यांनी मांजरेत देव सोडले, ते चांगलं केलं. त्यांच्यामागं लेकरूही सोडून दे, असं मला कुणी सांगितलं होतं?

तुझ्या म्हातारीच्या आजीचा शेवट मला पटला नाही. पोरगं पाण्यातून बोलायलंय, मग ते मेलेलं कसं? त्या बाईनं आणखी एकदा दाताळं घालायला पाहिजे होतं.

उद्या पहिल्या बसनं बीदरला जाते. पत्ता पाठवू नको, तो येईपर्यंत माझा धीर टिकणार नाही. कोळार काही फिनलंडात नाही. तुरीकडं शेजारचा व्यंकट बघील. रतनला फोन करून सांगू नको. मला बघून त्यानं दार लावलं, तर ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे.

भीती वाटायलीय. तुला म्हणून सांगितलं. आत्याची आठवण ठेव, तेवढं पुरे.

तुझी आत्या


कोळार, बीदर
ता. २२ डिसेंबर २०२४

चि. प्रेरणास,
अण्णाचा सप्रेम जयभीम.

फोनच करणार होतो, पण एवढं सगळं फोनवर सांगून होणार नाही, म्हणून आईसारखं पत्र लिहायला घेतलं. आई इथं आहे.

सोमवारी ती कोळारला उतरली. इथं गोदामं किती ते तुला माहीत नाही. तिनं रिक्षावाल्याला विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं, चहावाल्या गंगम्माला कन्नडमध्ये विचारलं, माझा मुलगा बघितलास का म्हणून. आणि गंमत बघ, उत्तर तिला ऐकूच येत नव्हतं. मग तिनं प्रत्येकाला हातानं दिशा दाखवायला लावली, आणि हात दाखवील तिकडं ऊन डोक्यावर येईपर्यंत चालत राहिली. आमच्या गेटवरचा निंगप्पा धावत आत आला. म्हणाला, एक म्हातारी गेटला धरून उभी आहे, हटत नाही, तुझं नाव घ्यायलीय.

मी बाहेर गेलो. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं आधी माझा उजवा हात बघितला, मग डावा, मग खांदे, मग मान, सगळं चाचपून चाचपून, जणू मी कुठून तरी पडून आलोय. मग म्हणाली, सगळं हाय की रं जागच्या जागी. आणि तिथंच खाली बसली. तू तिला काय लिहिलंस गं? विचारलं तर म्हणते, तुझ्या कामाचं न्हाई, लिंबाजीचं हाय. कोण लिंबाजी?

तुझ्यापासूनही एक गोष्ट लपवली होती, रागावू नको. स्नेहलला सहावा महिना आहे. आधीच्या दोन वेळच्या भीतीनं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टर सगळं बरं आहे म्हणतात, गोळ्या चालू आहेत. आईनं दारातूनच ओळखलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगून टाकलं की बाळंतपण होईपर्यंत ती हलणार नाही.

पण दंडावरचा दोरा तसाच आहे. मी काढ म्हटलं होतं, स्नेहलला धीर होत नाही. काल आई तिच्या अंगाला तेल लावायला बसली, तेव्हा मी दाराआड उभा राहिलो. आता परत तेच होणार, असं मला वाटत होतं. आईचा हात दोऱ्यापाशी आला आणि थांबला. तिनं दोरा वर सरकवला, खालची लाल झालेली कातडी बघितली. म्हणाली, लई मळलाय गं, खाज सुटंल. मग माझ्याकडं न बघताच तिनं साबण मागितला, आणि दोरा दंडावर तसाच ठेवून स्वतःच्या हातानं धुतला.

स्नेहल अजून मधूनच रडते. आता पत्रं इकडंच पाठव. आम्हा तिघांवर आणि येणाऱ्यावर लोभ ठेव.

तुझा,
अण्णा