पळपुट्याची न झालेली सही

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच घातला आहे, बाकीचा पोचला असे समजावे). तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? सूनबाई घालत असेल तर डोळ्यांत पडत असेल, तू स्वतः घालत असशील तर गालावर. इकडे सर्व खुशाल. बायको शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही, पण तीही खुशाल आहे.

आत्या, मी जिंकलो. आपल्या गावातला बंधाऱ्याचा पळपुटा तुला मी काय सांगू? कुणी कामातून अंग काढून घेतलं की आपल्याकडे आजही त्याचंच नाव निघतं. मोठ्या पुराच्या दिवशी दरवाजे न उघडता पहारेकरी पळाला आणि खालची वस्ती बुडाली, असं शाळेच्या पुस्तिकेत आहे, बंधाऱ्यावरच्या पाटीवर आहे, आणि आमच्या प्राध्यापकमहाशयांच्या जाडजूड ग्रंथात तर तीन ठिकाणी आहे. या पळपुट्याची नात म्हणजे कोपऱ्यावरची टेलरबाई. दुकानाला जायला तिला दुसरा रस्ता नाही, त्यामुळे रोज ती पाटी समोर. मध्यंतरी माझ्या पँटची कंबर सैल करताना ती सहज म्हणाली, “पाटी नवीन करणार आहेत म्हणे. निदान अक्षरं जरा बारीक काढा म्हणावं.” त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना (बायको म्हणते, दोनदा वाढून घेतलंत. पण ते शरीराचं झालं, मनाचं नाही).

प्राध्यापकांचा सगळा डोलारा एका कोऱ्या चौकोनावर उभा होता. पाणीपुरवठ्याच्या जुन्या नोंदवहीत पुराच्या दिवशी पहारेकऱ्याच्या नावापुढे सही नाही. सही नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे पळाला. ती वही बघायला मी दफ्तरखान्यात अकरा हेलपाटे घातले. बाराव्या खेपेला तिथल्या कारकुनानं दया येऊन वही दिली आणि बसायला तीन पायांचं स्टूल दिलं, ज्याला मुळात चार पाय होते. मी पडलो तो वहीसकट पडलो, पण वहीला काही होऊ दिलं नाही. कंबरेची हकिगत ती हीच. आडवा पडल्यापडल्याच मी ते पान वाचलं आणि मला हसू फुटलं. कारकुनाला वाटलं, डोक्याला मार लागला.

आत्या, त्या खात्यात मी एकतीस वर्षं मीटर वाचले. आमच्याकडे कामावर येताना कुणी सही करत नाही. पुढचा माणूस आला, किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, की मग सुटताना सही (येताना सही घेतली तर लोक सही करून जे चहाला जातात ते जातातच, हे कुण्या साहेबाला फार पूर्वी कळलं होतं). म्हणजे तो कोरा चौकोन सांगतो की हा माणूस सुटलाच नाही. दुपारी दोनला त्याची पाळी संपायची होती. तिथून पुढे तीन दिवस दर तासाला पाण्याची उंची लिहिलेली आहे, आणि प्रत्येक सातच्या आकड्याच्या पोटात तीच आडवी रेघ, जी आधीच्या महिन्यात त्याच्या सातमध्ये आहे. चौथ्या तासापासून पाणी उतरतं. दरवाज्यांचं ते जड चाक त्यानं एकट्यानं फिरवलं, म्हणून उशीर झाला आणि खालची वस्ती बुडाली. बंधारा फुटला असता तर गावच उरलं नसतं.

शनिवारी वाचनालयात जाहीर सभा होती. मी ऐटीत व्यासपीठावर चढलो, पुराव्यांची पिशवी उघडली, तर आत जावयाचा जेवणाचा डबा. पुरावे जावयाच्या कचेरीत गेले होते (भर जेवणाच्या सुट्टीत त्यानं चार सहकाऱ्यांसमोर नोंदवहीच्या झेरॉक्स उघडल्या. बायकोच्या अबोल्याचं मूळ इथे आहे). प्राध्यापक गालातल्या गालात हसले. तेवढ्यात मागच्या रांगेत आमच्या खात्याचे पाच निवृत्त लोक दिसले. ते इतिहासासाठी आलेले नव्हते, चहासाठी आलेले होते. मी त्यांना एवढंच विचारलं, सही कधी करायची? पाचही जण कप खाली न ठेवता म्हणाले, “सुटताना.” आणि बदलीचा माणूस आलाच नाही तर? “मग कसली सही? बसा तसेच.”

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला, आणि मग उभं राहून म्हणाले, माझं चुकलं. एवढं म्हणायला छाती लागते. टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही (मोजलं, पण सांगत नाही). टेलरबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. गळ्यात टेप तशीच, पुढे आली आणि म्हणाली, “घरात आम्हीसुद्धा त्यांना पळपुटेच म्हणायचो हो.” मी इतिहासकार आहे, रडत नाही. चहाची वाफ चष्म्यावर आली एवढंच.

थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना शाबासकी, लोभ आहेच, तो आता अभिमानासह असावा.

तुझा विजयी भाचा

ता. क. पाटी बदलायचं ठरलं आहे, पण प्राध्यापकांनी शेवटी एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. बदलीचा माणूस का आला नाही? याला कागद मिळाला नाही तर पाटीचं काम बघणारी समिती तिच्यावर ‘कदाचित’ असा शब्द घालणार. टेलरबाईच्या आजोबांपुढे ‘कदाचित’ मला चालणार नाही. बदलीच्या माणसाचं नाव वहीत आहे. सभेत मी ते वाचलं नाही, माझी जीभ रेटली नाही. आत्या, ते तुझ्या वडिलांचं आहे.

ता. ता. क. ते का गेले नाहीत, हे तुला माहीत आहे. तुझ्या जन्माच्या वेळी आजोबा दाराबाहेरून तसूभर हलले नाहीत, हे आपल्या घरात कौतुकानं सांगतात. तो दिवस हाच, पुराचा. तेव्हा मला तुझा जन्माचा दाखला हवा आहे. तुमच्या इमारतीत तुझं वय बहात्तर चालू आहे, हे मला ठाऊक आहे. पण पूर अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो सहा वर्षं पुढे सरकत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. तू पहिल्यांदा रडलीस तेव्हा तो माणूस आजोबांच्या पाळीचं चाक फिरवत होता, आणि आजोबा पुढे जन्मभर गप्प बसले. याची मला लाज वाटते. पाटी एक तारखेला बसते आहे आणि आजोबांचं नाव मीच वाचणार आहे. दाखला पोस्टानं पाठवू नकोस, तूच घेऊन ये. टेलरबाईशेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली आहे.