रेशीम आळीचे पान अकरा

॥ श्री ॥
सातारा, १२ ऑगस्ट १९९६

चि. सौ. चारुलता हिस अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आपल्या रेशीम आळीच्या व्यापारी मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. दसऱ्याला स्मरणिका निघणार आहे आणि आळीचा इतिहास लिहिण्याचं काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात मारलं. आज जिथे काचेचे दरवाजे आणि थंड हवेची यंत्रं आहेत, तिथे आपल्या वडिलांनी गोणपाट अंथरून चार लुगडी मांडली होती, हे नव्या पोरांना कोण सांगणार? आळीत बनारसी शालू आणला तो त्यांनीच. मग अत्तरवाले आले, घड्याळवाले आले, सोनार आले, आणि वाई-कोरेगावची लग्नं आपल्या आळीत पाय ठेवल्याशिवाय होईनाशी झाली.

कच्चा मजकूर सोबत आहे. १९५८ साली नवं दुकान उघडलं त्या दिवसाचा फोटो तुझ्याकडे आहे, तो उलट टपाली पाठव. मोठा करून समारंभात लावायचा आहे. डावी बाजू कापावी लागेल, हे आधीच सांगतो.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच.
अण्णा

सांगली, १९ ऑगस्ट

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही ओरडता आणि मग मी ठेवून देते.

मजकूर दोनदा वाचला. गोणपाट आहे, सोनार आहेत, कोपऱ्यावरच्या सोडावॉटरवाल्यालाही अर्धं पान मिळालं आहे. फोटोत डाव्या बाजूला गादीवर बसलेली मुलगी मात्र कुठे नाही. सबंध आळीत गादीवर बसलेली पहिली मुलगी मी. त्याआधी बायका पुरुषांसमोर मान खाली घालून हाताला येईल ती साडी उचलायच्या आणि घरी जाऊन रडायच्या. मी माझ्या खांद्यावर पदर टाकून दाखवू लागले, तेव्हा कुठे त्या तोंड उघडून हा नको, तो दाखवा म्हणायला लागल्या. तुमची आळी श्रीमंत झाली ती तिथून.

आणि जिथे मी आहे, तिथे नाव नाही. पान अकरा, ओळ चौथी: ‘घरातील मुलीच्या पोरकटपणामुळे १९६० साली वाईच्या एका नवरीच्या शालूची घडी आधीच मोडली गेली व दुकानाच्या लौकिकाला बट्टा लागला.’ घरात मुलगी एकच होती. शेंबडं पोरही ओळखेल. ते वाक्य काढा. तोवर फोटो माझ्या कपाटात राहील.

वहिनींना नमस्कार. तुमचा लोभ होता तेवढाच असू द्या.
चारुलता

सातारा, २८ ऑगस्ट

चि. सौ. चारुलता हिस आशीर्वाद.

इतिहास म्हणजे रुखवत नव्हे, आवडेल तेवढंच मांडायला. नवरीचा शालू तिच्याआधी कुणी अंगाला लावायचा नाही, हे तुला दहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या लोकांनी तो भर आळीत आणून आपल्या पायरीवर फेकला. निऱ्यांच्या चुण्या, पदराला कुंकू. समोरचा दुकानदार वर्षभर गिऱ्हाइकांना सांगत होता की तिथले शालू आधी मालकाची पोर नेसते. वडिलांनी मान वर करून बसणं सोडलं ते शेवटपर्यंत.

छत्तीस वर्षांत तू एकदाही चुकले म्हणाली नाहीस. त्यानंतर तुला बिजवराला द्यावी लागली, तीही तुझीच करणी. वाक्य राहील. तुझ्या फोटोवाचून समारंभ अडणार नाही.

प्रकृतीस जपावे.
अण्णा

सांगली, ४ सप्टेंबर

ती. अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून त्या बिजवराने मला चहा करून दिला. तुमच्या घरात पुरुषाने गॅस पेटवल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नाचं दुःख तुम्ही करू नका. गादीचं आहे, ते माझं मी करते.

चुकले म्हटलं नाही, कारण मी चुकले नव्हते. खांद्यावर पदर टाकणं वेगळं आणि नेसणं वेगळं, हे चाळीस वर्षं साड्या विकणाऱ्याला मी सांगायचं? लग्नाचे शालू माडीवरच्या कपाटात असत आणि मी खाली गादीवर. कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असायची, ते आठवा. याहून जास्त लिहिणार नाही. मी शब्द दिला आहे.

कळावे, लोभ असो वा नसो.
चारुलता

सातारा, १८ सप्टेंबर

सौ. वन्संना स. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत टाकते आहे. तुमची पत्रं टेबलावर उघडी पडलेली असतात. शेवटचं वाचलं. ती किल्ली माझ्याच कमरेला असायची.

तेव्हा लग्नाला दोन महिने झाले होते. रेशीम आळीची सून, पण माझं लग्न लागलं सुती इरकलीवर, कारण लगीनसराईत दुकानातला चांगला माल गिऱ्हाइकाला हवा. त्या शालूचा रंग डाळिंबी होता. आरशात एकदा बघायचं आणि ठेवून द्यायचा, म्हणून नेसले. साळूबाई केर काढायला माडीवर आली. म्हणाली, आवं बाई, आदी उतरा ते, कुनी बगितलं तर लय वंगाळ व्हईल. तिनंच निऱ्या सोडवून घडी घातली. तेवढ्यात तुम्ही जिना चढून आलात. मी तुमचे पाय धरले. मला माहेरी धाडतील म्हणून तुम्ही गप्प राहिलात आणि सगळं अंगावर घेतलंत. मी दोन महिन्यांची सून म्हणून गप्प बसले, मग दोन वर्षांची म्हणून, आणि पुढे सवयच झाली. मला लाज वाटते, वन्सं. ती तुम्हाला कधी सांगितलीही नाही.

आज सगळं यांना सांगणार आहे. तुमच्यावरचा ठपका निघालाच पाहिजे, माझं नाव आलं तर येऊ दे. राजस आता कर्ता आहे, आईला घराबाहेर काढणार नाही.

तुमचा लोभ मागायला मला तोंड नाही, तरी मागते.
तुमची वहिनी

सातारा, ३ ऑक्टोबर

चि. सौ. चारुलता हिस अनेक आशीर्वाद.

हिने सर्व सांगितलं. मी त्यावर काही लिहीत नाही आणि तूही लिहू नकोस. तुझ्या मनासारखं केलं आहे. स्मरणिका छापून आली, पाचशे प्रती. एक सोबत पाठवतो. पान अकरावर आता ‘दुकानात झाडलोट करणाऱ्या साळूबाई हिच्या पोरकटपणामुळे’ असं आहे. तुझा उल्लेख निघाला, हिचा आला नाही. साळूबाई आटपाडीला लेकीकडे असते. तिला वाचता येत नाही. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता फोटो पाठव. डावी बाजू कापणार नाही, मग तर झालं?

दसऱ्याला दोघं या. लोभ पूर्ववत व्हावा.
अण्णा

सांगली, ९ ऑक्टोबर

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

साळूबाईला वाचता येत नाही. धनाजीला येतं. तिचा हा नातू आठ वर्षं राजसच्या गादीवर बसून नवऱ्यामुलींना शालू दाखवतो, आणि त्याच्यासारखा हात आळीत नाही असं राजसच सांगतो. ज्याच्या आजीने नवरीचा शालू नेसला, त्याच्यापुढे लग्नाचं गिऱ्हाईक बसेल का? मला गादीवरून उठवायला आळीला एक दिवस पुरला होता. त्याला तर अर्धाच पुरेल. त्याला दोन लेकरं आहेत.

शनिवारी मी आटपाडीला जाऊन आले. साळूबाईला विचारलं, इतकी वर्षं तू कुणापाशी बोलली का नाहीस. ती म्हणाली, ताई, तुमी बोलला न्हाईसा, मग मी कशाला बोलू? निघताना तिने माझ्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या. तुमच्या पुस्तकाचं तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. अण्णा, मला तुमचा राग पुष्कळदा आला होता, किळस या वेळी पहिल्यांदा आली.

वहिनींचं नाव छापा असं मी म्हणणार नाही. त्या तयार झाल्या, यात मला सगळं मिळालं. त्यांना दिलेला शब्द मी मोडत नाही, आणि तुम्हाला ते धाडस व्हायचं नाही. मग उरलं कोण?

पाचशे चिठ्ठ्या इथल्या छापखान्यात छापून एसटीच्या पार्सलने पाठवल्या आहेत. प्रत्येक प्रतीत पान अकरावर चिकटवा. खळ वहिनींनी करावी आणि चिठ्ठ्या तुम्ही लावाव्यात. धनाजीला ते काम सांगू नका. दसऱ्याला फोटो घेऊन मी येते आणि पुढच्या रांगेत बसते. एक जरी प्रत चिठ्ठीवाचून दिसली, तर माइकवर जाऊन मी तो शब्दही मोडेन. मजकूर खाली देते, म्हणजे पार्सल उघडायच्या आधी कळेल.

लोभ शिल्लक असेल तर दसऱ्यापर्यंत राखून ठेवा.
तुमची धाकटी बहीण,
चारुलता

शुद्धिपत्र
पान ११, ओळ ४: ‘दुकानात झाडलोट करणाऱ्या साळूबाई हिच्या’ याऐवजी ‘मालकांची मुलगी चारुलता, या आळीत गादीवर बसलेली पहिली बाई, हिच्या’ असे वाचावे.