बाबांच्या पासवर्डच्या चांदण्या

२७ सप्टेंबर १९९९, सोमवार. सांगली.
पितृपंधरवडा सुरू झाला. त्याचा पुढच्या नोंदीशी संबंध नाही.
साताऱ्याहून पहिल्या एस.टी.ने आले. दुपारी क्लासमध्ये मेल उघडला. एक मेल बाबांच्या पत्त्यावरून. आत काही लिहिलेलं नाही. खाली फक्त माझीच जुनी ओळ: पोचले.
बाबा जुलैत गेले.
सोमवारी मी इकडे आले की बाबा घरून मेल करायचे, पोचलीस का. मी लिहायचे, पोचले. आमचा पत्रव्यवहार एवढाच. आज त्या ‘पोचले’ला उत्तर आलं आहे.
मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आहे आणि क्लासमध्ये तेच शिकवते. सर्व्हरवर अडकलेले मेल उशिरा येतात. विषय संपला.
आज खोलीतला दिवा चालू ठेवून झोपणार. वाचायचं आहे.

४ ऑक्टोबर, सोमवार. सांगली.
पुन्हा तसाच रिकामा मेल. तारीख आजची. अडकलेल्या मेलवर आजची तारीख नसते.
मेल कुठून निघाला ते तपासलं. सातारा. म्हणजे आमच्याच घरच्या कॉम्प्युटरवरून कोणीतरी बाबांच्या खात्यात शिरतंय.
कसं, तेही उघड आहे. नवा ब्राउझर विचारतो, पासवर्ड लक्षात ठेवू का. कॉम्प्युटरने काहीही विचारलं की बाबा येस म्हणायचे. माणसांच्या बाबतीत इतके उदार नव्हते. आता नाव निवडलं की पासवर्डच्या चौकटीत चांदण्या आपोआप उमटतात. पासवर्ड माहीत नसलेला माणूससुद्धा आत.
क्लासमध्ये हार्डवेअर बघणाऱ्या जयराजला ‘ओळखीच्या एका बाईंची’ केस म्हणून सांगितलं. तो आटपाडीचा. म्हणाला, आवं म्याडम, पंधरवडा चाललाय, पान वाढलं नसंल तर येणारच की कोन तरी. मी म्हटलं, त्या बाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तो म्हणाला, मग तुमी ओढणी का लपेटून बसलाय. एसीमुळे, म्हटलं.
एसी जूनपासून बंद आहे.

११ ऑक्टोबर, सोमवार. सांगली.
तिसरा मेल. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आहे. घुसखोराला उत्तर देणं ही पहिली चूक असते.
दुसरा निर्णय: बाबांच्या पत्त्यावरून आलेले मेल अंधार पडल्यावर उघडायचे नाहीत. डोळ्यांना त्रास होतो.

२० ऑक्टोबर, बुधवार. सांगली.
महत्त्वाचा पुरावा.
सोमवारी खंडेनवमी होती. क्लासमधले सगळे कॉम्प्युटर बंद करून, मॉनिटरवर हळदकुंकू लावून, कीबोर्डवर झेंडू ठेवून सरांनी पूजा केली. काल दसरा. आज मशीन चालू केली तर बाबांच्या पत्त्यावरून सोमवारचा मेल नाही. मंगळवारचाही नाही. आज सकाळचा आहे.
घरचा कॉम्प्युटरही हे दोन दिवस पूजेत असतो. निष्कर्ष: घुसखोर खंडेनवमीला पूजेतल्या यंत्राला हात लावत नाही. म्हणजे भूत नाही. (हा पर्याय मी विचारात घेतलाच नव्हता.)
साताऱ्यात आमच्या कॉम्प्युटरला हात लावणारा असा माणूस एकच. शेजारचे चिंतामणकाका. रोज अंघोळ करून, सोवळं सोडून, अमेरिकेतल्या मुलाला, अनीशला, मेल करायला येतात. आईसुद्धा त्या खोलीत असते, पण ती कॉम्प्युटरजवळ जाते ती धूळ पुसायला. तिचं नाव संशयितांत घेतलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, शनिवार. सातारा.
मोहीम फत्ते. साठवलेले सगळे पासवर्ड पुसले. यापुढे लक्षात ठेवू नकोस असंही ब्राउझरला बजावलं. बाबांचं खातं उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याचे मेल वाचणं मला पटत नाही. खोलीत उदबत्तीचा वास होता, तेवढ्यापुरती खिडकी उघडली.
लगेच काका आले. चौकट रिकामी बघून थबकले. मी म्हटलं, पासवर्ड टाका की. म्हणाले, तो मला काय माहीत, तो कॉम्प्युटरला माहीत. मग म्हणाले, तुझे बाबा असताना हे यंत्र माणसासारखं वागत होतं गं. मी शांतपणे विचारलं, बाबांच्या नावाने कोणाला मेल करता का. काका म्हणाले, झोप घेत जा बाळ.
उत्तर टाळलं. नोंद केली.
बाबांचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, म्हणजे आता कोणालाच आत जाता येणार नाही. हेच हवं होतं.

२५ ऑक्टोबर, सोमवार. सांगली.
मेल नाही. यश. खात्रीसाठी दुपारी पुन्हा बघितलं. संध्याकाळीही. क्लास बंद करताना जयराज म्हणाला, आवं, कुनाची वाट बगताय एवढी. मी म्हटलं, कोणाचीच नाही, हाच तर मुद्दा आहे.

३० ऑक्टोबर, शनिवार. सातारा.
जेवताना आईने विचारलं, तुझ्या त्या यंत्राला काय झालंय. मी विचारलं, का.
ती म्हणाली, बाबांचं नाव घेतलं की चांदण्या यायच्या, आता येत नाहीत.
मी पाणी प्यायले.
बाबांनी तिला शिकवलं होतं. नावावर दोनदा टिचकी, मग चांदण्या, मग माझं ‘पोचले’ उघडायचं, रिप्लाय, सेंड. लिहायचं काही नाही, तिला इंग्रजी टायपिंग येत नाही. पंधरवड्यापासून दर सोमवारी देवपूजा झाली की करत होती. दसऱ्याला तेवढे दोन दिवस राहिलं, म्हणाली, पूजेतलं कसं उचलायचं.
फोन का नाही केलास, असं मी जरा जोरात विचारलं. ती म्हणाली, तूच म्हणालीस ना, ऑफिसात फोन करत जाऊ नकोस.
मी म्हटलं, पण मी एकदाही उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, नसेना का. बाबा सांगायचे, त्या पत्त्यावर कोणी नसलं की मेल परत येतो. माझा परत येत नव्हता. म्हणजे तू पोचली असणार.
मग म्हणाली, आणि तेवढाच त्यांच्या नावाचा दरवाजा उघडायचा.
सर्व्हर बिघडलाय, असं सांगितलं. ती म्हणाली, मग काय, तू आहेसच.

३१ ऑक्टोबर, रविवार. सातारा.
दिवसभर पासवर्ड शोधला. माझं नाव. आईचं नाव. कोयनानगरच्या क्वार्टरचा नंबर, जिथे मी जन्मले. स्कूटरचा नंबर. पद्धतशीर प्रयत्न चालू आहेत. आई मधूनमधून चहा आणून ठेवते आणि पडद्याकडे बघून जाते.
दुपारी चिंतामणकाका आले. अनीशने त्यांना नवीन पासवर्ड काढून दिला आहे. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, पोरी, हे कोणाच्या खात्यात शिरायला बघतेस.

१ नोव्हेंबर, सोमवार. सांगली.
ऑफिसात फोन आला. जयराजने सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, म्याडम, तुमच्या आईचा हाय. आईने विचारलं, पोचलीस का. मी म्हटलं, हो. झालं का दुरुस्त, म्हणाली. म्हटलं, काम चालू आहे.
नियमाप्रमाणे, बरेच महिने कोणी उघडलं नाही तर खातं बंद होतं. हे मी आईला सांगितलेलं नाही.
सुरक्षेच्या दृष्टीने आमचा कॉम्प्युटर आता निर्दोष आहे.
क्लास सुटायच्या आधी बाबांच्या पत्त्यावर एक मेल टाकला. पोचले. चाचणी म्हणून.
थांबून पाहिलं. परत आला नाही.